पहिल्या रांगेला ऐकू न जाणारा आवाज

थोआनच्या धंद्यात नाव होणे ही बदनामी होती. नटाचे नाव झाले तर ते फलकावर चढते, वाजवणाऱ्याचे झाले तर त्याला लग्नांच्या सुपाऱ्या मिळतात. पण आत कोणी प्रॉम्प्टर बसला आहे हे प्रेक्षकांना कळले, तर तो प्रॉम्प्टर कामातून गेला असे समजावे. सा देक गावच्या ‘सोनेरी बगळा’ संगीत नाटक मंडळीत थोआन पस्तीस वर्षे विंगेच्या पडद्यामागे वही घेऊन बसला, आणि तियेन नदीच्या दोन्ही तीरांवरच्या एकाही प्रेक्षकाला त्याचा आवाज कसा आहे हे माहीत नव्हते. याचा त्याला गर्व होता.

तो भावंडांत पाचवा. त्या मुलखात थोरल्याला कोणी पहिला म्हणत नाही, मोजणी दुसऱ्यापासून सुरू होते; म्हणून थोआन सगळ्यांचा सहावा. मंडळीतले नट त्याला सहावे काका म्हणत. मालकीणबाई, ज्यांना सगळे नववी ताई म्हणत, त्या त्याला नुसते ‘सहाव्या’ म्हणत.

तेविसाव्या वर्षी तो नट व्हायला म्हणून मंडळीच्या होडीत चढला होता. चेहरा असा, की सेनापतीचे काम दिले तर लोक हसत आणि विदूषकाचे दिले तर लोकांना दया येई. पण तीन महिन्यांत त्याला सगळ्यांची सगळी भाषणे पाठ झाली, मेलेल्या राजाचीसुद्धा. तेव्हाच्या मालकाने त्याच्या हातात वही दिली आणि त्याला पडद्यामागे बसवले. तिथे चेहऱ्याची गरज नव्हती.

काम वरून सोपे. नट अडला की पुढची ओळ सांगायची. प्रश्न फक्त किती मोठ्याने सांगायची हा. रंगमंचावर दोन माइक टांगलेले. ओळ नटाच्या कानापर्यंत गेली पाहिजे, माइकपर्यंत जाता कामा नये, आणि पहिल्या रांगेत सुपारी चघळत बसलेल्या म्हातारीपर्यंत तर मुळीच नाही. ढोल-झांजा सुरू असल्या की थोआनचा आवाज आपोआप चढे, आणि त्या थांबल्या की त्याच क्षणी, शब्द अर्धा तोंडात असतानाच, उतरे. हे जमते कसे, असे एकदा एका नव्या नटाने विचारले. थोआनने प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितले, की आपण काही करत नाही, सगळे कान करतो. तोंड नुसते त्याचे ऐकते.

त्याच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सा देकच्या लोकांना कमी ऐकू येऊ लागले.

सुरुवात बायकोपासून झाली. लुआ घरासमोर नूडल्सची गाडी चालवत असे. दिवसातून चाळीस वेळा ती ‘काय?’ विचारू लागली. उकळत्या पातेल्यापाशी आयुष्य गेले, कानात वाफ गेली असेल, असे थोआनने ठरवले आणि तिला पुलाखालच्या न्हाव्याकडे नेले. न्हाव्याने कपाळाला दिवा बांधला, दहा प्रकारच्या काड्या मांडल्या आणि अर्धा तास दोन्ही कान कोरले. निघाले जवळजवळ काहीच नाही, म्हणून त्याने निम्मेच पैसे घेतले. लुआ घरी आल्यावरही ‘काय?’च म्हणाली. पुढे कॉफीवाला बर्फाची मागितली तर गरम आणून देऊ लागला. मग लॉटरीची तिकिटे विकणारी बाई. मग मंडळीतली निम्मी माणसे. मोबाइल कानाला लावून लावून ही पिढी गेली, असे थोआनचे निदान होते. पुलाखालच्या न्हाव्याला एक दिवस मंडळीतच बोलवावे, असेही त्याने सुचवले. ते कोणी ऐकले नाही.

फुंग हा मंडळीचा नायक. त्याचा गळा उत्तम आणि स्मरणशक्ती बेताची. या दुसऱ्या गुणावर थोआनचे बारा वर्षे पोट चालले होते. एका बाजारगावच्या खेळात फुंगने शत्रूसमोर तलवार उपसली, आणि ती उपसलेलीच राहिली. पुढची ओळ आली नाही. थोआनने सांगितली. पुन्हा सांगितली. फुंगने एक डोळा विंगेकडे वळवून भुवया उडवल्या. शेवटी शत्रूलाच त्याची दया आली आणि तो आपण होऊन मेला. पुढच्या खेळात तेच झाले, त्याच्या पुढच्या खेळात राणीही अडकली.

दुसरी कुठली मंडळी असती तर तिने प्रॉम्प्टर तपासला असता. ‘सोनेरी बगळा’ने पेटारे तपासले. रंगभूमीचे मूळ देव म्हणजे दोन बालराजपुत्र, आणि थी नावाचे पिवळे, घमघमणारे फळ हा त्यांचा जीव की प्राण, असे तिकडचे सगळे नाटकवाले मानतात. कोणी ते फळ रंगपटात आणले, की देव वासामागे धावतात आणि नट रंगमंचावर उघडे पडतात. तेव्हा कोणीतरी थी आणले आहे यावर मंडळीत दुमत नव्हते. शोध तीनदा झाला. पुढाकार थोआनचा. सुकवलेले माकूळ, वासाच्या तेलाची बाटली आणि एक प्रेमपत्र सापडले. फळ सापडले नाही. ढोलवाल्याचा पिवळा साबण संशयावरून नदीत गेला. मग देवांपुढे अख्खे भाजलेले डुक्कर ठेवून माफी मागितली. देव प्रसन्न झाले की नाही कळले नाही, मंडळी मात्र झाली. पुढच्या आठवड्यात फुंग पुन्हा गप्प उभा राहिला.

तेव्हा नववी ताई एका तालमीला उठल्या, स्टूल उचलले आणि विंगेत थोआनला खेटून बसल्या. वय सहासष्ट, शरीर भरदार. तेवढ्या जागेत दोघे मावणे कठीण होते. फुंग अडला. थोआनने ओळ सांगितली. ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“सहाव्या, तू मनातल्या मनात वाचतोयस का?”

“मनातल्या मनात? ताई, याहून मोठ्यानं बोललो तर रस्त्यावरची माणसं आत येतील.”

ताईंनी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. “काय म्हणालास?”

त्याने पुन्हा सांगितले.

“हे बघ, मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेय. मला ढोल ऐकू येतोय. फुंगच्या पोटात गुरगुरतंय, ते ऐकू येतंय. तू तेवढा ऐकू येत नाहीस.”

थोआनच्या तोंडावर पुलाखालच्या न्हाव्याचे नाव आले होते, पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळले. ताई व्यवहारी होत्या. दहा आठवड्यांनी लाप व्होच्या गावदेवळाचा उत्सव होता, मंडळीचा वर्षातला सर्वांत मोठा खेळ. तोवर जमले नाही तर त्यांचा जावई फुंगच्या कानात शेंगदाण्याएवढे यंत्र बसवणार होता आणि समोरच्या विंगेतून मोबाइलवर ओळी वाचणार होता. थोआनचा पगार चालू राहील, असेही त्यांनी सांगितले. त्याने नुसते बसून राहावे. या शेवटच्या वाक्याने थोआनची झोप उडाली. चेहरा चालत नाही म्हणून त्याला आत बसवले होते. आता आवाज चालत नाही म्हणून कुठे बसवणार?

आणि एक भीती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. मूळ देव रागावले की नटाचा गळा काढून घेतात, हे सगळे जाणत होते. प्रॉम्प्टरचा काढून घेतल्याचे ऐकिवात नव्हते, पण सुरुवात कुणापासून तरी होणारच.

दवाखान्यात त्याला लुआने नेले, तेही आवाजासाठी नाही. थोआन नाटकांच्या नकला हाताने उतरवत असे. गेल्या दोन वर्षांत त्याचे अक्षर बारीक होत होत तिळाएवढे झाले होते. कागद वाचवतोय असे समजून लुआ आधी खूश होती. पण चालताना त्याचा उजवा हात हलत नाही, शिवून टाकल्यासारखा अंगाला चिकटून राहतो, हे तिने एक दिवस पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्याला कान थोच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बोटे आपटायला लावली, चालायला लावले, लिहायला लावले आणि सांगितले, पार्किन्सन. जाणार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील आणि माणूस पुष्कळ वर्षे काम करू शकेल. आवाज बारीक होणे हा त्यातलाच भाग; गोळ्यांनी तो फारसा सुधारत नाही, त्यासाठी वरच्या मजल्यावर वेगळ्या बाई आहेत.

लुआच्या डोळ्यांना पाणी आले. थोआनने एकच प्रश्न विचारला. डॉक्टरांना ऐकू गेला नाही, म्हणून लुआने तो मोठ्याने सांगितला. “हे देवाकडून येतं का, असं विचारतायत.”

“देवाकडून नाही, मेंदूकडून,” डॉक्टर म्हणाले.

थोआन इतका हलका झाला, की बाहेर पडल्यावर त्याने दोन वाट्या नूडल्स खाल्ल्या आणि लुआच्या जास्त चांगल्या असतात असेही म्हणाला. हे तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले. पहिल्यांदा ऐकू आले नव्हते.

वरच्या मजल्यावरच्या बाईंचे नाव उयेन. वयाने मुलीसारखी, बोलणे थोडक्यात. तिने त्याला नाटकातलाच एक उतारा विंगेतून सांगतो तसा सांगायला लावला आणि मोबाइलवर घेतला.

“किती मोठ्यानं बोललात असं वाटतं, काका?”

“नेहमीइतकं. दवाखाना आहे म्हणून जरा आवरलं.”

तिने ते वाजवले. आधी पंख्याची घरघर ऐकू आली. घरघरीच्या मागे कोणीतरी दाराआड पुटपुटत होते.

“हा कोण?” थोआनने विचारले.

“तुम्ही.”

“छे. हा माणूस आजारी वाटतो.”

उयेनने मान हलवली आणि तो काय म्हणाला हे त्याचे त्याला समजेपर्यंत थांबली. थोआनला न्हावी आठवला, कॉफीवाला आठवला आणि नदीत गेलेला साबण आठवला. लुआने आपला एक कान हलकेच चोळला.

उयेनने समजावून सांगितले ते असे. बोलणाऱ्याचा कान स्वतःच्या तोंडावर नजर ठेवून असतो. आवाज पडला की चढव सांगतो, चढला की उतरव. भोवती गोंगाट झाला तर माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो तो त्यामुळेच. या आजारात कान बहिरा होत नाही, दुसऱ्याचे सगळे नीट ऐकू येते. बिघडते ते स्वतःच्या आवाजाचे माप. आवाज निम्म्यावर आला तरी आतून भरलेलाच वाटतो, आणि ढोल वाजू लागले तरी तो पुरेसा चढत नाही. आपण कमी बोलतोय हे ज्याला कळत नाही, तो आवाज वाढवणार कशासाठी? तो समोरच्यालाच बहिरा म्हणणार.

“म्हणजे माझा कान खोटं बोलतो.”

“खोटं नाही हो. तो मनापासून सांगतो. चुकीचं सांगतो, एवढंच.”

मग तिने त्याला ओरडायला सांगितले. थोआनने छातीभर श्वास घेऊन ‘आ’ केले आणि लगेच शेजारच्या खोलीतल्या लोकांना काय वाटले असेल म्हणून अवघडून बसला. उयेनने दार उघडले. बाहेर बाकावर सहा माणसे होती. एक पेंगत होता, बाकीचे मोबाइल बघत होते. एकानेही मान वर केली नव्हती. तिच्या मोबाइलवरचा आवाज मोजणारा काटा चारचौघांच्या साध्या बोलण्याइतकाच चढला होता.

नवे माप तिने एका वाक्यात दिले. कानाला विचारायचे नाही. पोट आवळले गेले आणि लाज वाटली, की आवाज बरोबर आहे. प्रॉम्प्टरला हे सांगणे म्हणजे चोराला घंटा वाजवत जा असे सांगण्यासारखे होते. पस्तीस वर्षे ज्या लाजेला तो टाळत आला, ती आता जाणूनबुजून ओढवून घ्यायची होती, आणि तीही दर ओळीला.

चार आठवडे, आठवड्यातून चारदा, दोघे कान थोच्या बसने गेले. उरलेल्या वेळात घरी सराव. लुआ अंगणाच्या टोकाला उभी राही आणि ओळ पोचली की पळी उंच करी. थोआनच्या मते तो सगळ्या गल्लीचा जीव खात होता. लुआच्या मते तो आत्ता कुठे नवऱ्यासारखा बोलत होता. सरावाला त्याने खलनायकाची भाषणे निवडली, कारण त्यांत जोर होता. परिणाम असा झाला, की तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या समेट समितीच्या दोन बायका दारात आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला ‘तुझं मुंडकं वेशीवर टांगीन’ म्हणणे शोभत नाही, असे त्यांनी थोआनला सौम्यपणे समजावले. लुआने त्यांना नूडल्स दिल्या. थोआनला मात्र मनापासून आनंद झाला. इतक्या दिवसांनी कोणालातरी त्याचे शब्द नीट ऐकू गेले होते.

लाप व्होचा खेळ दुपारचा होता. देवळाच्या अंगणात पाचशे माणसे, पहिल्या रांगेत काळे झगे आणि पागोटी घातलेले गावचे वडीलधारे. फुंगच्या कानात यंत्र बसवलेले होते. समोरच्या विंगेत जावई मोबाइल घेऊन बसला होता. ताईंनी दोघांना अट सांगितली होती: आधी सहावा सांगेल, पडदा पडेपर्यंत जावयाला तोंड उघडावे लागले नाही, तर विंग सहाव्याची.

पहिल्या अंकात ढोल होते, तलवारी होत्या, आणि गोंगाटात ओरडायला थोआनला फारसे जड गेले नाही. फुंग तीनदा अडला आणि तीनदा सावरला. खरी भीती दुसऱ्या अंकाची होती. सेनापती युद्धाहून परततो, तर आई गेलेली. तो तिच्या तसबिरीपुढे गुडघे टेकतो, वाद्ये थांबतात, आणि मग वाद्यांशिवाय, एका लांब श्वासात, तो ते विलापाचे गाणे सुरू करतो, ज्याच्या पहिल्या ओळीचा सूर खाली उतरून टेकला की सगळे लोक टाळ्या वाजवतात. तोवर कोणी खोकतदेखील नाही.

वाद्ये थांबली. फुंगने गुडघे टेकले, तसबिरीकडे पाहिले, तोंड उघडले. तोंडातून काही आले नाही.

थोआनने ओळ सांगितली. कानाला बरोबर वाटली, अगदी जुन्या मापाची. फुंग हलला नाही. अंगणात इतकी शांतता होती, की वरच्या माइकची बारीक घरघर ऐकू येत होती. समोर जावयाने मोबाइल तोंडाशी नेला आणि थोआनकडे पाहिले. थोआनने तळहात उंचावून त्याला थांबवले. त्याला कळून चुकले होते की तो पुन्हा कानाचे ऐकून बसला. आता ओरडायचे म्हणजे या शांततेत, त्या वडीलधाऱ्यांपुढे, त्या माइकखाली ओरडायचे. पस्तीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. त्याने पोट आवळले आणि ओरडला.

“आई, हा दिवा मी येईपर्यंत का थांबला नाही?”

त्याला स्वतःला तो आवाज देवळाच्या कौलांवर आपटून परत आल्यासारखा वाटला. लाज इतकी वाटली, की त्याने डोळे मिटून घेतले आणि पाचशे माना वळण्याची वाट पाहत राहिला.

“आई,” फुंगने सूर लावला, “हा दिवा…”

सूर चढला, लांबला, वळसे घेत खाली उतरला आणि टेकला. टाळ्या पडल्या. थोआनने एक डोळा उघडून पडद्याच्या फटीतून पाहिले. पहिल्या रांगेतले वडीलधारे फुंगकडे बघत होते. त्यांच्यातला एकजण पागोट्याच्या टोकाने नाक पुसत होता. विंगेकडे कोणीही बघत नव्हते. समोर जावयाने मोबाइल मांडीवर ठेवला, मग खिशात घातला, आणि उरलेला अंक तो चक्क नाटक बघत बसला. थोआनने मात्र शेवटपर्यंत दर ओळीला लाज बाळगली. पडदा पडला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

नववी ताई विंगेत आल्या, त्याच्या शेजारचे ते स्टूल उचलले आणि घेऊन गेल्या. मंडळीत आनंद दाखवण्याची त्यांची एवढीच पद्धत होती.

थोआन वही बांधत होता तोच फुंग आला. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा अजून सेनापतीचा, आणि दोन्ही रागावलेले. कानातले यंत्र त्याने मुठीत धरले होते.

“सहावे काका, विलापानंतर तिसऱ्या प्रवेशात एक ओळ होती, ती मला येत होती. मी मुद्दाम थांबलो होतो, भाव दाखवायला. तुम्ही मध्येच सांगून मोकळे झालात. सगळा भाव गेला.”

“भाव दाखवताना तोंड मिटत जा,” थोआन म्हणाला. “उघडं दिसलं की मला वाटतं विसरलास.”

“दर वेळी विसरतो असं नाही हो मी.”

गेल्या दोन वर्षांत आगाऊ प्रॉम्प्टिंगची तक्रार कोणीही केली नव्हती. थोआनने ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतली. मग, ऐन वेळी बाहेर कोणी ढोल वाजवला, नीट ऐकू आले नाही, असे सांगून फुंगला ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.